पांढऱ्या फुलांचं कुंपण

घाणेरीला नावं ठेवणारी माणसं मला आवडत नाहीत. माझ्या अंगणाला तीस वर्षं तिचंच कुंपण आहे, छातीइतकं उंच, वरून पाटासारखं सपाट. रंगही साधासुधा नाही. सगळ्यांची फुलं गुलाबी-केशरी, माझी पांढरी. रोपवाटिकेत नोकरीला होते तेव्हा शेकडो रोपांतून हे एक मी निवडलं आणि वाढवलं. तसं दुसरं वस्तीत कुणाकडे नाही.

माझी सून मागची टेकडी साफ करणाऱ्या टोळीची मुकादम. घाणेरीनं टेकडी गिळली होती, गवत संपलं, पायवाटा बुजल्या. सुनेनं वस्तीला सांगितलं की दारातली कुंपणंही मुळासकट काढा, नाहीतर वर कितीही उपसलं तरी पुढच्या वर्षी येरे माझ्या मागल्या. लोक म्हणाले, आधी सासूबाईंचं काढ. कुंपणं निघाली नाहीत तर काम बंद होणार होतं आणि तिची मुकादमकीही जाणार होती. तरी घरी येऊन ती मला एका शब्दानं बोलली नाही, नुसती भांडी आपटत राहिली.

शेवटी मीच विषय काढला. फुलं ओसरली की मी लगेच छाटते, तीस वर्षांत एक फळ पिकू दिलं नाही, मग बी पसरणार कुठून? चल, टेकडीवर दाखवते, म्हटलं.

तोऱ्यातच निघाले. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे चढ सुरू होतो. तिथून पार वरपर्यंत झुडपांना पांढरी फुलं होती, मधे पिवळा ठिपका. गर्दीत आपलं पोर ओळखावं तशी मी ती ओळखली.

बी नव्हतंच पडलं. छाटलेल्या फांद्या मी दरवेळी भिंतीवरून पलीकडे फेकत होते, वाळून जातील म्हणून. फांद्या मातीत खोचून रोपं करण्यात माझा जन्म गेला, आणि भिंतीपलीकडेही मातीच असते हे डोक्यात आलं नाही. मला माझीच लाज वाटली.

सुनेला हे तीन वर्षांपासून ठाऊक होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही छाटायला उभ्या राहिलात की इतक्या खुशीत असता, आई. जीभच रेटली नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांना बोलावून सांगितलं की टेकडीवरची पांढरी सगळी माझी. मग कुदळ घेतली. बुंध्याखाली चार बोटं खोल घाव घातला की पुन्हा फुटत नाही, तेही सगळ्यांना दाखवलं. हात थांबवला नाही. दुपारपर्यंत अंगण उघडं पडलं.

मग सुनेला घेऊन शेजारच्या शिंप्याकडे गेले. तो म्हणाला, आमच्या कुंपणाला फळंच धरत नाहीत, आम्ही वेळेवर छाटतो.

"छाटलेलं कुठे टाकता?" मी विचारलं.

तो मागच्या भिंतीकडे बघायला लागला.