थेरपिस्ट बघण्याचा कार्यक्रम

आमच्या पूनम सागर सोसायटीत कुणाच्या मुलाचं लग्न जमत नसलं की लोक आमच्या आईकडे येतात. वासंतीकाकू म्हणजे चालतंबोलतं वधू-वर सूचक मंडळ. ती फी घेत नाही. लग्नात पहिल्या पंगतीचा मान आणि त्या घरात पुढे काय शिजतंय याची नियमित खबर, एवढ्यावर तिचं समाधान होतं. अडचण एकच. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

त्यामुळे निहारदादाने आपलं दुखणं पहिल्यांदा तिलाच सांगितलं, तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला.

दादाचं काम घरून चालायचं. ऑफिसने सगळ्यांना परत बोलावलं आणि पहिल्याच दिवशी तो सोसायटीच्या गेटपर्यंत जाऊन माघारी आला. हात थरथरत होते, श्वास पुरत नव्हता. दुसऱ्या दिवशीही तेच. मग त्याने लिफ्टचं बटण दाबणंही सोडलं. "खाली उतरायचं म्हटलं की छातीत धडधडतं," एवढंच तो आईला म्हणाला, आणि कुणाला सांगू नकोस, असं बजावलं. आईने शब्द पाळला. फक्त सुरुचीमावशीला सांगितलं, आणि तिलाही कुणाला सांगू नकोस म्हणून बजावलं. संध्याकाळी मी दही आणायला गेले तर डेअरीवाले ईश्वरभाई काउंटरवरून वाकून म्हणाले, "निहारभाई को बोलना, सुबह गरम पानी में नींबू. डर-वर सब निकल जाएगा." घरी येते तो तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मीठ-मोहऱ्या घेऊन दादाची दृष्ट काढायला हजर.

दादाने दृष्ट काढून घेतली, काकूंना नमस्कार केला आणि आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. त्यानंतर तो आईशी चहा-जेवणापुरतंच बोलायला लागला.

मला मात्र त्याने फोनमधलं ऍप दाखवलं. ऑनलाइन काउन्सेलिंगचं. त्यात थेरपिस्टांचे फोटोच फोटो, सगळे हसतमुख, आणि प्रत्येकाच्या मागे एक कुंडी.

"रसिका, हे सगळं एकदाच सांगायची ताकद आहे माझ्यात," तो म्हणाला. "सांगितलं आणि ते परत ईश्वरभाईंच्या काउंटरवर पोचलं, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. कोणाकडेच."

त्यामुळे त्याची निवड होईना. रोज तो फोटो सरकवत बसायचा आणि रोज फोन पालथा घालून झोपायचा. ऑफिसने महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली होती. माझा हसरा, बडबड्या भाऊ दिवसेंदिवस त्या खोलीत आटत चाललेला मला बघवत नव्हता.

आईलाही बघवेना. "मी निवडते," एक दिवस तिने जाहीर केलं. "इतकी लग्नं जुळवली, एक थेरपिस्ट नाही जुळवता येणार?"

मला वाटलं, दादा भडकणार. पण तो थकला होता. "निवड," तो म्हणाला. "मला तर जमत नाहीये. पण पुढे बोलणार मी एकटा."

त्या ऍपवर आधी ओळखीपुरता एक मोफत व्हिडिओ कॉल मिळतो. आईने त्याचा सरळ बघण्याचा कार्यक्रम केला. डायनिंग टेबलावर भरतकामाचा टेबलक्लॉथ आला. आई नारायणपेठीत, बाबांना इस्त्रीचा शर्ट. समोर लॅपटॉप, आणि लॅपटॉपपुढे बशीत पोहे, वर खोबरं-कोथिंबीर.

"अगं, ते खाणार कसे?" बाबा म्हणाले. बाबांचं नाव पंढरीनाथ आहे, पण घरात त्यांना "अहो, तुम्ही गप्प बसा" या नावानेच हाक मारतात.

"खायचे नसतात. दिसायचे असतात. अहो, तुम्ही गप्प बसा."

पहिली दोन स्थळं आईने चहा निवायच्या आत नापसंत केली. एकीचं इंग्रजी फार, एकाची दाढी फार. मग आला यतीन. गोरापान, गोड आवाज, मागे एक सोडून तीन कुंड्या.

"मूळ गाव कुठलं म्हणायचं?" आईने सुरुवात केली.

"देवरूख, काकू."

"अगोबाई! आमचं माखजन!" पुढची दहा मिनिटं माखजन ते देवरूख रस्त्यावर कोणाचं कोण राहतं याची उजळणी झाली. यतीनच्या आत्याची जाऊ आणि आईची मामेबहीण एका शाळेत होत्या, हे निघाल्यावर तर आईचे डोळेच पाणावले. मग तिने दादाचं सगळं सांगून टाकलं. गेट, लिफ्ट, धडधड, सगळं. यतीन मान हलवत ऐकत राहिला. "काकू, तुम्ही अजिबात काळजी करू नका. प्रत्येक सेशननंतर मी तुम्हाला फोन करून सगळं सांगत जाईन. आईला कळायलाच हवं."

आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मुलाने हुंडा नको म्हटलं होतं.

त्यानंतर संचिता. पस्तिशीची असेल. मागे नुसती भिंत, कुंडी नाही. आईला तिथेच खटकलं.

"गाव कुठलं तुमचं?"

"काकू, माझं शिक्षण, अनुभव, सगळं ऍपवर आहे. बाकी राहू दे."

"बरं. घरी कोण कोण असतं?"

"तेही राहू दे," ती हसून म्हणाली. "कोणासाठी शोधताय तुम्ही?"

"माझ्या मुलासाठी. निहार. त्याचं असं झालंय ना, तो गेटपर्यंत..."

"थांबा हं, काकू. हे मला त्याच्याकडून ऐकायचंय. त्याला बोलावंसं वाटलं तर तो कॉल करेल. नाही वाटलं तरी चालेल."

स्क्रीन काळी झाली. आई त्या काळ्या स्क्रीनकडे बघत राहिली.

"शिष्ट!" ती म्हणाली. "गाव सांगत नाही, घर सांगत नाही, आणि मुलाबद्दल ऐकूनही घेत नाही. पोह्यांकडे तर बघितलंही नाही तिने. यतीन नक्की!"

मी तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "चौकशी झाल्याशिवाय मात्र होकार नाही द्यायचा."

चौकशी हा आईच्या धंद्यातला शेवटचा आणि तिचा सगळ्यात लाडका भाग. स्थळ कितीही पसंत असो, ती भलत्याच नावाने कुठेतरी फोन करते आणि आतली बातमी काढते. आता थेरपिस्टाची चौकशी कुठे करणार? आईने डोकं लढवलं. तिने स्वतःच्याच मुलाची चौकशी थेरपिस्टाकडे करायचं ठरवलं.

"आपल्या पोराबद्दल दुसऱ्यांकडे चांगलं बोलतो की नाही, ते बघू," असं म्हणत तिने बाबांचा फोन घेतला, ऍपवर दिलेला यतीनचा नंबर फिरवला, स्पीकर लावला आणि नाकातून आवाज काढला.

"नमस्कार. मी भाईंदरहून सलोनीची मावशी बोलतेय. आमच्या सलोनीला पूनम सागरमधल्या निहारचं स्थळ आलंय. तो तुमच्याकडे येणार आहे, असं कानावर आलं. मुलगा कसा आहे हो? आमच्या पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

यतीनचा गोड आवाज आणखी गोड झाला. "मावशी, खरं तर मी सांगायला नको. पण मुलीचा प्रश्न आहे म्हणून सांगतो. मुलगा चांगला असेल, पण सध्या तो घराबाहेरच पडत नाही. लिफ्टलाही घाबरतो. आई बिचारी रडकुंडीला आलीये. तुम्ही घाई करू नका."

आईने फोन ठेवला. तिचा चेहरा एवढासा झाला होता.

"माझ्या पोराचं स्थळ मोडलंन मेल्याने!" ती म्हणाली.

"आई, सलोनी नाहीचे."

"असती तर?" आईचा आवाज चढला. "असती तर, रसिका? मी विश्वासाने सांगितलं होतं त्याला! आणि त्याने कोण कुठली मावशी, तिला सांगितलं. तेही मुलीच्या भल्यासाठी म्हणे!" बोलता बोलता ती अडखळली. सुरुचीमावशीलाही तिने दादाच्या भल्यासाठीच सांगितलं होतं. ते मी बोलले नाही. बाबांनीही, आयुष्यात पहिल्यांदाच न सांगता, गप्प बसणं पसंत केलं.

मग तिने स्वतःहूनच संचिताला फोन लावला. तीच सलोनी, तीच मावशी, पण नाकातला आवाज आता तितकासा जमत नव्हता.

"अशा कोणाबद्दलही मी काही सांगू शकत नाही," संचिता म्हणाली.

"अहो, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"असेल. पण एखादा माणूस माझ्याकडे येतो की नाही, हेही मी सांगत नाही. मुलीच्या मावशीला नाही, आणि मुलाच्या आईलाही नाही."

आई दचकली. "म्हणजे त्याच्या आईने विचारलं, तो काय बोलला, बरा आहे का, तरी नाही सांगणार?" आता नाकातला आवाज पुरता गेला होता.

"नाही, काकू," संचिता हळूच म्हणाली. "पण तुम्ही त्यालाच विचारू शकता. आणि तो नाही म्हणाला, तर थांबू शकता."

आईने फोन ठेवला, पदराने डोळे पुसले आणि दादाच्या दारावर टकटक केली. "निहार, मिळाली रे," ती बाहेरूनच म्हणाली. "फार आगाऊ आहे. पण मेली काही म्हणजे काही सांगत नाही!"

शनिवारी सकाळी दादाने दार लावलं. आमच्या घराची दारं म्हणजे पुठ्ठा. आतून त्याचा हॅलो ऐकू आला, मग एक लांब श्वास, मग "मला... कुठून सुरू करू कळत नाही." आई भाजी निवडत त्या दाराला लागूनच बसली होती. तिचे कान मला माहीत आहेत. खालच्या मजल्यावर कुकर लावला तर वरण की आमटी, हे ती सांगते.

ती उठली. मला वाटलं, दाराला कान लावणार. पण ती तडक स्वयंपाकघरात गेली आणि मिक्सर सुरू केला. मिक्सर घरघरत राहिला. मध्येच बेल वाजली. ईश्वरभाई स्वतः दूध घेऊन आले होते, डोळे आतल्या दाराकडे. "निहारभाई की तबियत कैसी है, भाभी?"

"मैं कुछ नहीं बता सकती," आई म्हणाली आणि पातेलं पुढे केलं. मी भिंतीला टेकले. चाळीस वर्षांत बाबांनीही हे वाक्य तिच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं.

ईश्वरभाई गेल्यावर तिने पुन्हा मिक्सर लावला. जळका वास यायला लागला तरी ती बटणावरचा हात काढेना.

शेवटी दादाच्या खोलीचं दार उघडलं. त्याचे डोळे लाल होते, पण खांदे खाली आलेले होते, कितीतरी दिवसांनी. आईने मिक्सर बंद केला. ती त्याच्याकडे बघत राहिली. ओठ दोनदा हलले. विचारायचं होतं तिला, फार विचारायचं होतं.

"पोहे करू?" ती म्हणाली.

दादा तिच्याजवळ गेला. त्याने मिक्सरचं झाकण उचलून आत बघितलं. भांडं कोरडं ठणठणीत होतं.

"पुढच्या शनिवारी," तो म्हणाला, "निदान थोडं खोबरं तरी घाल. जळेल तो."