टेकू

टीव्ही लागत होता. आवाज खणखणीत होता, पण चित्र काही केल्या उजळत नव्हतं. बातम्या सांगणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर सांज उतरल्यासारखी वाटायची आणि तिच्या मागे नुसता काळोख. मास्तरांनी रिमोटवरून उजेड वाढवायचं बटण दाबून पाहिलं. तो आधीच शेवटाला जाऊन बसला होता.

मास्तर म्हणजे शिंपी. शाळेत त्यांनी कुणाला शिकवलं नव्हतं, पण गळ्यात टेप टाकलेल्या माणसाला मास्तर म्हणायची रीत होती. दुकान बंद करून बरेच दिवस झाले तरी टेप अजून गळ्यातच होती. सकाळी सदरा घातला की टेपही चढायची. काढायची तर ठेवायची कुठे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

टीव्ही प्रोजेक्शनचा, कपाटाएवढा. पोटात लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडाच्या तीन नळ्या. त्यांचा उजेड आतल्या आरशावर पडायचा आणि आरशावरून पुढच्या पडद्यावर यायचा. मास्तरीणबाई गेल्यापासून तो कुणी लावला नव्हता. शेवटचे महिने त्या याच खोलीत, टीव्हीसमोरच्या खाटेवर होत्या. पाय खाली टेकता यावेत म्हणून खाट बुटकी आणली होती. पुढे मुलीने ती कुणा गरजू माणसाला देऊन टाकली. त्या जागी फरशीवर चार ठिपके राहिले होते. पुसताना मास्तर तेवढे ठिपके सोडून पुसत. का, ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

मुलीचं म्हणणं सरळ होतं. "बाबा, हे धूड आता काढू या. मी पातळ टीव्ही घेऊन येते, भिंतीवर लावू. रविवारी भंगारवाला येतोय."

"चालला तर?"

"चालला तर राहू दे. पण चालायला तर हवा!"

मास्तर "बरं" म्हणाले. हल्ली ते सगळ्यालाच बरं म्हणत. पण फोन ठेवल्यावर ते उठले आणि वायरमनच्या दारावर टकटक केली.

वायरमन शेजारचा, जन्मभर खांबावर चढलेला माणूस. आता गुडघे गेले होते, जीभ तेवढी शाबूत होती. रविवारी सकाळी तो हत्यारांची पिशवी घेऊन आला आणि टीव्हीला लांबूनच नमस्कार केला.

"मास्तर, हा टीव्ही आहे की तिजोरी?"

"उघडायचाय."

"मी नळी-आरशातला नव्हे हं. माझं काम खांबावरचं. उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं होईल."

"जमेल तेवढं बघ."

प्लग काढून त्यांनी तो बराच वेळ तसाच राहू दिला. बंद टीव्हीच्या पोटातही वीज दबा धरून असते, असं वायरमन म्हणाला. मग भिंत आणि टीव्ही यांच्या मधल्या फटीत तो तिरका शिरला आणि मागच्या झाकणाचे स्क्रू काढू लागला. मास्तर एकेक स्क्रू वाटीत घेत होते. झाकण निघालं आणि आतून गोधडीएवढी धूळ खाली आली.

"हीच ती!" वायरमन म्हणाला. "धुळीतून उजेड येणार कसा?"

मास्तरांनी मऊ ब्रशने धूळ झाडली. तिन्ही नळ्यांवरची भिंगं मलमलीच्या तुकड्याने पुसली, हलक्या हाताने, नव्या कापडावरची खडूची रेघ पुसावी तशी. आरसा राहिला. तो खूप आत होता.

"त्याला घासू नको," वायरमन म्हणाला. "याचा मुलामा पुढच्या बाजूला असतो. ओरखडा गेला की कायमचा. काठीला कापड बांधून नुसती धूळ उडव."

मास्तर दाराआड ठेवलेला गज आणायला गेले. कापड मोजायचा, पितळेची टोकं असलेला लाकडी गज, दुकान उघडलं त्या दिवसापासूनचा. दाराआड छत्री होती, झाडू होता. गज नव्हता. त्यांनी पलंगाखाली पाहिलं, कपाटावर पाहिलं.

"काय हरवलं?"

"गज. कुणी नेला कोण जाणे."

"तुझा गज कोण नेतोय? तू तो कुणाला हात तरी लावू दिलास का?"

हे खरं होतं. मास्तरांनी विचार करून पाहिला आणि तो कुठेच पोचला नाही. हल्ली त्यांचे विचार असेच, दोऱ्याला गाठ न मारता शिवावं तसे, मागून निसटून जायचे. त्यांनी छत्रीच्या काठीला कापड बांधलं.

पुढे वायरमनने टॉर्च मारून प्रत्येक नळीतलं पाणी पाहिलं. नळ्या थंड ठेवायला त्यांच्या तोंडाशी पाण्यासारखं काहीतरी भरलेलं असतं. ते गढुळलं की चित्र मळकं दिसतं, हे त्याने कुठेतरी ऐकलं होतं. तिन्हीकडे स्वच्छ होतं. मग प्लग लावून, आत हात न घालता, दोघांनी नुसतं पाहिलं. तिन्ही नळ्या पेटलेल्या, लाल, हिरवी, निळी. झकास.

"आतून ठणठणीत आहे रे," वायरमन डोकं खाजवत म्हणाला. "पुढून बघ."

मास्तर पुढे येऊन आपल्या खुर्चीत बसले. सांज. तशीच सांज.

"काय?"

"तसंच."

"मग डोळे तपासून घे तुझे."

आता भंगारवाला येईल, चौघे मिळून उचलतील, जिन्यात कोपरा अडेल, इतकं सगळं मास्तरांना दिसलं. वाईट वाटायला हवं होतं. ते वाट पाहत बसले, पण वाटलं नाही. हात अंगाखाली दाबून झोपलं की तो हात जसा परका लागतो, तसं छातीत सगळं परकं होतं.

वायरमनने पुन्हा प्लग काढला आणि पुटपुटत झाकण लावायला घेतलं. शेवटचे दोन-तीन स्क्रू राहिले असताना एक हातातून सुटला, टण्ण वाजला आणि टीव्हीखाली घरंगळत गेला. "गेला! मास्तर, पुढून बघ रे. आणि एकदा लावून ठेव, मागून घरघर येते का ऐकतो."

टीव्हीच्या तळाला चारी बाजूंनी झालर होती. मास्तरांनीच शिवलेली, चुण्या घालून. मास्तरांनी टीव्ही लावला, गुडघ्यांवर हात रेटत खाली वाकले आणि तोल जाऊन फरशीवर बसले. चार ठिपक्यांच्या मधोमध.

त्यांनी मान वर केली. बातम्या सांगणाऱ्या बाईने पिवळी साडी नेसली होती. काठ जांभळा होता. तिच्या मागे निळं आभाळ होतं, त्यात ढग होते, आणि ढगांच्या कडाही दिसत होत्या.

मास्तर उठायला लागले. बाई काळवंडली. ते पुन्हा बसले. बाई उजळली.

त्यांनी झालर उचलली. स्क्रू समोरच पडला होता. तो त्यांनी घेतला नाही. मागच्या बाजूने टीव्ही उचललेला होता आणि त्याच्या खाली दोन टेकू होते. एकेका टेकूत लाकडाचे दोन-दोन तुकडे, एकावर एक. लाकडावर इंचाच्या रेघा होत्या. वरच्या तुकड्याला पितळेचं टोक होतं.

"माणसं अंधारात बोलतायत," असं ती म्हणाली होती. खाटेवरून, मान न हलवता. त्यांनी तेव्हा टीव्ही तिच्या नजरेकडे झुकवला होता. घरात दुसरं लाकूड नव्हतं. गजावर करवत त्यांनीच चालवली होती, हे त्यांना आत्ता आठवलं. मग ती म्हणाली होती, "आता दिसतंय." त्यानंतर ते खाटेला पाठ टेकून खालीच बसत, तिच्याच उंचीवर, आणि चित्र नेहमी छान दिसे.

वायरमन मागून बाहेर आला, वाकला, पाहिलं. "हात्तिच्या! काखेत कळसा नि गावाला वळसा! अरे, हे तू—" मग त्याची नजर फरशीवरच्या ठिपक्यांवर गेली आणि त्याने जीभ आवरली. त्याने ती आवरल्याचं मास्तरांनी पहिल्यांदाच पाहिलं.

मुलगी आली ती चपला काढता काढता बोलतच. "भंगारवाला खाली गाडी लावतोय. झाला का चालू?" दारातून तिने पडद्याकडे पाहिलं. "काळंच तर आहे."

"इथे बस," मास्तर म्हणाले.

"खाली?"

"बस तर."

ती बसली. तिच्या चेहऱ्यावर पिवळा उजेड पडला. ती पडद्याकडे पाहत राहिली, मग वर केलेल्या झालरीकडे, मग वडिलांकडे.

"बिघाड काय होता?"

"काही नव्हता."

खालून भंगारवाल्याची हाक आली. ती गॅलरीत गेली आणि "आज नको, दादा, राहू द्या!" असं ओरडून आली. डोळे पुसून आली होती. मास्तरांनी ते पाहिलं आणि त्यांना तिचा जरा हेवा वाटला.

"ती लाकडं काढली की झालं ना, काका?" तिने वायरमनला विचारलं. "मग खुर्चीतून नीट दिसेल."

"दोन मिनिटांचं काम. मी उचलतो, तू ओढ."

"नको," मास्तर म्हणाले.

"बाबा, मग तुम्ही काय रोज फरशीवर बसणार? उठवायला कोण येईल?"

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. खाली बसल्या बसल्या फरशीपासून स्वतःच्या डोळ्यांपर्यंत लावली, मग खुर्चीची बैठक मोजली, मग पाय. सदऱ्याच्या खिशात खडू होताच. खुर्चीच्या एका पायावर त्यांनी रेघ मारली, फिरवून दुसऱ्यावर मारली.

वायरमन कपाळाला हात लावून पाहत होता. "गज कापलास, आता खुर्ची काप. उद्या माझे पाय मागशील."

"तुझे आधीच अधू आहेत," मास्तर म्हणाले.

"अहो, बुटक्या खुर्चीतून उठणं किती अवघड!" मुलगी म्हणाली.

"हळूहळू उठेन."

त्यांनी करवत आणली. मुलीने खुर्ची आडवी केली, तिच्यावर गुडघा रोवला आणि पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला. मास्तरांनी करवत रेघेच्या बाहेरच्या अंगाला लावली. शिलाईला थोडं कापड ठेवायची सवय होती. मागे बातम्या संपून हवामान लागलं होतं. भुसा ठिपक्यांवर पडत होता.