आठशे पावलांची किल्ली

वाकड्या पावलांसाठी बूट शिवणाऱ्या बाईच्या दुकानात सकाळीच टपालवाली लंगडत आली. डावा पाय आखूड, बुटाचा तळ फाटलेला.

"ताई, माझं माप आहेच तुमच्याकडे. नवा जोड शिवा. फिरती चुकली तर काम जाईल."

बाईनं मोबाइलवरचं ॲप उघडलं. आत शुकशुकाट! आठशे पावलांची मापं, कुणाला कुठे टोचतं, सगळं गेलेलं.

ॲप भाच्यानं केलेलं. त्यातली माहिती क्लाउडवर, म्हणजे दूरच्या कंपनीच्या यंत्रांवर राहते. ती जागा कुणाच्या तरी नावानं घ्यावी लागते. भाचा तेव्हा म्हणाला होता, "मावशी, तुझ्या डोक्याला कशाला ताप? माझ्या ऑफिसच्या ईमेलवर घेतो." घरच्या मुलाकडे त्या जागेची किल्ली, म्हणजे पासवर्ड, कशी मागायची? बाईला संकोच! वर हौसेनं मापांच्या जुन्या वह्या रद्दीत घातल्या.

भाच्यानं नोकरी सोडली, तो ईमेल बंद झाला. पैसे भरण्याचे क्लाउड कंपनीचे इशारे कुणी वाचलेच नाहीत. मुदत सरली, सगळं पुसलं गेलं.

"परत नाही मिळणार गं, मावशी," फोनवर तो रडकुंडीला आला.

तीस वर्षं मापं घेतली होती सासऱ्यांनी; हल्ली मात्र त्यांना विसर पडायचा. बाईनं टपालवालीचं पाऊल त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते चाचपलं, मग भांबावून सुनेकडे पाहिलं. "कुणाचं गं हे?"



सासूबाईंची स्मृती आणि जीभ मात्र शाबूत होती. "दुकानाची किल्ली देतेस का कुणाला? मग ही कशी दिलीस?"

"घरचाच होता, आई."

"घरचा म्हणून जेवायला वाढ! मालकी कशाला वाढलीस?"

दुपारी नवं ॲप करून देणारी मुलगी आली. या वेळी बाई आधी बोलली. "खातं माझ्या नावावर, माझ्या ईमेलवर. तुला कामापुरतं आत येऊ देईन, काम झालं की दार बंद. राग मानू नकोस."

"राग कसला, काकू? हे तर मीच सांगणार होते."

खातं उघडलं. फिरतीआधी पुन्हा आलेल्या टपालवालीचं पाऊल बाईनं पहिलं नोंदवायला घेतलं. "डाव्या तळाला किती भर घातली की टोचत नाही?"

"ते तुमच्या सासऱ्यांनाच ठाऊक होतं," टपालवाली म्हणाली, आणि फाटका बूट चढवून फिरतीला गेली.

मंडळी, किल्ली मागण्यात कसला आलाय अविश्वास? तुमच्या कामाची माहिती तुमच्याच नावावर ठेवा, आणि तिची एक प्रत घरात असू द्या. लाजलात, तर गेलेलं परत येत नाही. या बाईचं आलं नाही.