बाबांच्या बाजूचं छप्पर

शनिवारी डायलिसिसहून परतताना गाडीच्या कापडी छपरातून बाबांच्या मानेवर पाणी ठिबकलं आणि बाबांना निमित्त मिळालं.

"झालं," ते म्हणाले. "आता या गाडीत मी पाऊल ठेवणार नाही. भाड्याच्या गाडीचं तर नावच काढू नकोस. पुरे झालं ते सुया टोचून घेणं."

लेक शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. डायलिसिस चुकलं की बाबांच्या रक्तात काय काय साचतं, ते तिला पाठ होतं. मागच्या आठवड्यात त्यांनी एक खेप चुकवली, तर पाय माठासारखे सुजले. आता मंगळवारही चुकला तर... पुढचं वाक्य ती मनातही पुरं करत नसे.

"एक थेंबही आत आला नाही तर याल?"

"बघू."

"बघू नाही. शब्द द्या."

"बरं, दिला. मास्तरीणबाईंपुढे कुणाचं चाललंय?"

घडी होणाऱ्या छपराची ही गाडी तिच्या भावाची. हौसेला मोल नसतं म्हणत त्यानं ती घेतली आणि परदेशी जाताना बहिणीच्या गळ्यात मारली. रविवारी दिवस उजाडल्यापासून लेक अंगणात होती. मऊ ब्रशनं हलक्या हातानं घासत तिनं कापडावरची शेवाळाची झाक काढली, शिवणींसाठी दात घासायचा जुना ब्रश वापरला. मग पाणी. फेस थांबल्यावरही आणखी दोनदा पाणी. साबण म्हणजे पाण्याचा दलाल. कापडात जरा जरी उरला तरी पाण्याला बोट धरून आत नेतो. दुपारच्या उन्हात छप्पर खडखडीत वाळल्यावर तिनं काचा झाकल्या आणि पाणी अडवणाऱ्या औषधाचे दोन हात मारले.

बाबा खिडकीतून बघत होते. "छप्पर आहे की पालथा घडा?"

"पालथा घडाच करायचाय. तुमच्यासारखा."

त्यावर ते हसलेसुद्धा.

सोमवारी शाळेतून आल्या आल्या तिनं झारी घेतली. तिच्या सीटवरच्या छपरावर पाणी पडलं आणि पाऱ्यासारखे गोळे होऊन घरंगळलं. मागेही तसंच. तिनं हुश्श केलं. मग बाबांच्या बाजूला ओतलं. पाणी क्षणभर थबकलं आणि काळा डाग पसरत कापडात शिरलं. आत बाबांच्या सीटवर टप्, टप्.

उद्या साडेसातला निघायचं होतं. आभाळ भरून आलेलं. डब्याच्या तळाशी औषध उरलं होतं ते जेमतेम एका हाताचं. तिनं तिथेच पुन्हा पाणी ओतलं, जणू कापड आपलं मत बदलणार होतं. मग वाकून पाहिलं. डाग दाराशी उभ्या माणसाचा हात पोचेल एवढाच होता. कडेला बारीक फेस. तिनं बोट फिरवून हुंगलं. लिंबाचा वास.

तिचा साबण बिनवासाचा होता. लिंबाचा होता तो स्वयंपाकघरातला, भांड्यांचा.

बाबांनी पंचेचाळीस वर्षं लाँड्री चालवली होती. कापडात साबण राहिला की काय होतं, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं.

ती घरात गेली. सुजलेले पाय स्टुलावर ठेवून ते बसले होते. सदऱ्याची एक बाही कोपरापर्यंत ओली.

"बाबा, तुमच्याच बाजूला पाणी मुरतंय."

त्यांनी ओली बाही मागे घेतली.

"या पायांनी अंगणापर्यंत गेलात?"

"वाटेत दोनदा बसलो."

"एवढी ताकद उद्या गाडीपर्यंत यायला नाही वापरता येत?"

"जायला ताकद लागत नाही गं. परत यायला लागते." त्यांनी तिच्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं. "तुझ्या तोंडावर 'नको' म्हणवेना. म्हणून छपराला म्हणायला लावलं."

"मग आता म्हणा. माझ्या तोंडावर."

ते ओल्या बाहीची गुंडी लावू लागले.

"माझ्या सीटच्या मागे एक थेंब येत नाही," ती म्हणाली. "तिथे बसायचं. शब्द दिलाय तुम्ही."

"तू वकील व्हायला हवी होतीस."

एरवी ती हसली असती. आता ती जमिनीवर बसली आणि लहानपणी रडायची तशी, आवाज काढून रडली. बाबा ओली बाही पिळत राहिले. त्यातून काही निघत नव्हतं तरी पिळत राहिले.

"कुठल्या पाण्यानं धुणार आहेस तो डाग?" त्यांनी विचारलं.

"नळाच्या."

"गार पाण्यानं तो साबण सुटायचा नाही. कोमट घे. आणि नुसतं ओत, चोळू नकोस."

ती पाणी तापवायला उठली. उद्या येणार का, हे मात्र तिनं विचारलं नाही.