डाव्या हाताचं पिस्तूल

कात्रीबाईचा उजवा हात गेल्या हिवाळ्यात झोपला तो पुन्हा धड जागा झालाच नाही. अर्धांगाचा झटका सौम्य होता, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांना म्हणायला काय जातं! बोलणं परत आलं, चालणं परत आलं, नाकावरचा राग तर कुठे गेलाच नव्हता. पण उजव्या हाताची बोटं कशावरही घट्ट मिटेनात. ज्या हाताने तिने उभी हयात लोकांचे केस कापले, त्या हातात आता कंगवाही ठरेना. सलून मुलीने सांभाळायला घेतलं. घरात नवरा तिच्या शर्टाची बटणं लावी, पावाला लोणी लावून देई, बाटलीचं झाकण तिने मागायच्या आधीच उघडून ठेवी. बिचारा मायेनेच करी. पण दर वेळी ते झाकण फिरलं, की तिला वाटे, आपण घरातून आणखी थोड्या वजा झालो.

तिच्या स्वतःच्या अशा गोष्टींत आता एकच उरली होती, ती म्हणजे रविवारची नेमबाजी. शहराबाहेरच्या त्या बुटक्या इमारतीत ती कितीतरी वर्षं पॉइंट टू-टूच्या, म्हणजे बारीक गोळीच्या, पिस्तुलाने कागदाला भोकं पाडायला जाई. बक्षिसं वगैरे काही नाही. नुसता छंद. कात्रीबाई हे नावही तिला तिथेच पडलं. एक तर धंदा तसा, आणि दुसरं म्हणजे तिच्या गोळ्या कागदाचा मधला काळा गोल कातरून काढत.

त्या नेमबाजीच्या रेंजचा एक नियम होता. असं दुखणं झालेल्या सभासदाने तिथे नेमबाजी शिकवणाऱ्या मास्तरीणबाईंसमोर एकट्याने सगळं करून दाखवायचं. पिस्तूल भरायचं, दहा गोळ्या झाडायच्या, मध्ये काही अडलं तर आपलं आपण सोडवायचं, आणि शेवटी रिकामं करून दाखवायचं. दुसऱ्या कुणाचं बोट लागलं किंवा मदतीसाठी हात वर केला, की नापास. संधी दोनच. दुसरीही हुकली तर परवाना परत आणि सभासदांतून नाव कमी. पहिली संधी तिने वसंतातच घालवली होती. तिच्या जुन्या पिस्तुलाची लाकडी मूठ उजव्या पंजाच्या मापाने कोरलेली. डाव्या हातात ती परक्याच्या चपलेसारखी चावे. गोळी नळीत चढवणारा बोल्ट मागे ओढता ओढता तिच्या नाकी नऊ आले आणि शेवटी तिने हात वर केला. त्या दिवशी घरी आल्यावर ती मुलीला म्हणाली की आपल्याला नवं पिस्तूल बघायचंय.

दुकान एका अरुंद जिन्यावर होतं. दुकानदाराने तिचा हात बघितला आणि लगेच एक छोटं, हलकं, नाजूक पिस्तूल काचेवर ठेवलं. मुलीलाही ते पसंत पडलं. किती सुबक आहे, म्हणाली, अगदी पर्समध्ये मावेल.

"मला पर्समध्ये नाही ठेवायचं. मला कागदाला भोक पाडायचंय," कात्रीबाई म्हणाली.

हलकं पिस्तूल सोपं, असं ज्याने कधी झाडलं नाही त्याला वाटतं. प्रत्यक्षात ते हातात फुलपाखरासारखं फडफडतं, आखूड नळीवर नेम धरायची पुढची आणि मागची माशी इतकी जवळ असते की डोळ्याला चूक दिसतच नाही, आणि वरून स्प्रिंगा कडक. तिने ते बाजूला सारलं आणि एकेक मागवायला सुरुवात केली. प्रत्येक पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून ते डाव्या हातात धरायचं, नळी भिंतीकडे ठेवायची, आणि उजव्या हाताच्या त्या ऐदी बोटांनी बोल्ट मागे ओढायचा. एकाचा हललाच नाही. दुसऱ्याचा अर्ध्यावर अडला. दुकानदार घड्याळाकडे बघू लागला; तिने त्याच्याकडे बघितलंच नाही. शेवटी तळाच्या खणातून एक वापरलेलं पिस्तूल निघालं. लांब नळीचं, पोलादी, वजन पुढच्या अंगाला झुकलेलं, मूठ दोन्ही बाजूंनी सारखी. बोल्टला मागे दोन कान होते. पहिल्यांदा तिची बोटं घसरली, दुसऱ्यांदाही घसरली, आणि मग एकदा तो बोल्ट सरकन मागे आला. पुन्हा काही तो आला नाही. दगडापेक्षा वीट मऊ, असं म्हणून तिने तेच घेतलं.

आता खरी गोम पुढे होती. शेवटची गोळी सुटली की या पिस्तुलाचा बोल्ट आपोआप मागे अडकून राहतो. म्हणजे पिस्तूल उघडंच पेटीत ठेवायचं, रेंजवर उघडंच काढायचं, डाव्या हाताने गोळ्या भरलेलं मॅगझिन बसवायचं आणि डाव्याच अंगठ्याने कळ दाबून बोल्ट पुढे सोडायचा. सगळं सुरळीत चाललं तर उजव्या हाताची गरजच पडत नाही. चाललं तर! घरी सरावात दहा वेळा ओढला, तर बोल्ट चार-पाच वेळा यायचा. तिने ठरवलं, आपण अडूच द्यायचं नाही. त्यासाठी तिने निरनिराळ्या कंपन्यांची काडतुसं आणून मास्तरीणबाईंच्या देखरेखीखाली रेंजवर झाडून पाहिली. प्रत्येक पिस्तुलाची आपली एक आवड असते. याला स्वस्तातली गोळी पचत नव्हती, संथ जातीची एक मानवली. आणि काडतुसाइतकीच महत्त्वाची सफाई. टू-टूच्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत असतो, त्यामुळे पिनेचा ठोका त्या कडेवर पुऱ्या जोराने बसावा लागतो. वर ही गोळी मेणचट, काजळी फार धरणारी. म्हणून पिनेच्या खाचेत तेलाचं नाव नको; तेलात काजळी कालवली गेली की ठोका मंदावतो आणि गोळी फुटत नाही. बाकी जिथे लोखंड लोखंडावर घासतं तिथे काडीच्या टोकाएवढा थेंब, आणि तोही पुसून घ्यायचा.

हे तिने नवऱ्याला चार वेळा सांगितलं होतं. पण तो पडला शिलाई मशीन दुरुस्त करणारा. त्याच्या लेखी जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध, तेल. दारं, सायकली, शेजारणीची छत्री, त्याच्या कुपीतून कुणी सुटलं नव्हतं. त्याने तिला पिस्तूल पकडून ठेवायला एक लाकडी घोडी मात्र झकास करून दिली. ती टेबलावर घट्ट बसवून कात्रीबाई एका हाताने ब्रश घाली, मागच्या बाजूने, नळीच्या तोंडाला ओरखडा न येऊ देता. कापडाचा तुकडा दातांत धरी. तास जाई. नवरा दारात उभा राहून चुळबुळत असे आणि विचारत असे, मी करून देऊ का पटकन? ती नाही म्हणे. तो परत दोन मिनिटांनी विचारी.

परीक्षेच्या दिवशी आकाश स्वच्छ होतं आणि तिचा हात शांत होता. मास्तरीणबाई काटक आणि मितभाषी; त्यांनी मानेने सुरू करा म्हणून सांगितलं. नवरा मागे, काचेपलीकडच्या बाकावर मुलीजवळ बसला होता. मधलं दार उघडंच होतं.

कात्रीबाईने पेटी उघडली आणि तिच्या नाकात शिलाई मशीनच्या तेलाचा वास शिरला.

काय झालं ते तिला तत्क्षणी कळलं. सकाळी ती अंघोळीला गेली होती. परवान्यावर त्याचंही नाव, कपाटाची किल्ली कुठे असते तेही त्याला ठाऊक. चांगल्या कामाला जाताना यंत्राला दोन थेंब, एवढाच त्याचा हिशोब असणार. अति तेथे माती. तिने मूठ शर्टाला पुसली, बोल्ट कापडाने जमेल तितका टिपला आणि मॅगझिन बसवलं. मास्तरीणबाईंना सांगून परीक्षा पुढे ढकलता आली असती का, हा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो हाकलून दिला.

पहिली गोळी सुटली. मग आणखी तीन. पाचव्या वेळी चाप ओढला, नुसतं टक वाजलं आणि गोळी सुटलीच नाही.

गोळी उशिरानेही सुटू शकते, म्हणून नळी कागदाकडेच धरून अर्धं मिनिट थांबायचं असतं. ती थांबली. डावा हात जड होऊ लागला. मागे बाक सरकल्याचा आवाज आला.

"मास्तरीणबाई, चूक माझी आहे," नवरा उघड्या दारातून म्हणाला. "मी सकाळी तेल घातलं. तिला काही माहीत नाही. तिला परत एक संधी द्या."

कात्रीबाईने मान वळवली नाही.

"अहो, तिथंच थांबा," ती म्हणाली. "पिस्तूल माझं आहे."

मास्तरीणबाईंनी मानेनेच पुढे चालू द्या म्हणून सांगितलं.

तिने डाव्या अंगठ्याने मॅगझिन मोकळं केलं. ते टेबलावर पडलं. मग उजवा हात उचलला आणि बोल्टच्या कानांवर ठेवला. बोटं तेलावरून घसरली. पुन्हा ठेवली, पुन्हा घसरली. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला. तिला त्या हाताचा इतका संताप आला की तो हात एखाद्या आळशी नोकरासारखा बडवून काढावा. मग तिच्या लक्षात आलं की आपण त्याच्याकडे अजून बोटंच मागतोय, आणि बोटं त्याच्याकडे नाहीत. मनगट आहे. कोपर आहे. खांदा तर शाबूत आहे. तिने हात आडवा केला, कोपर नळीच्या मागेच राहील असं बघितलं, शर्टाची बाही खाली ओढून मनगटावर घेतली, त्या कोरड्या बाहीसकट मनगट बोल्टच्या कानांना अडकवलं आणि अख्ख्या खांद्याने मागे ओढलं. डाव्या हाताने पिस्तूल कागदाकडे रेटून धरलं होतं. बोल्ट कुरकुरत मागे आला आणि न फुटलेलं काडतूस टणकन टेबलावर उडालं. मॅगझिन परत बसवून तिने तसंच पुन्हा एकदा ओढलं आणि पुढची गोळी नळीत चढवली.

त्यानंतर आणखी दोनदा टक झालं. दोन्ही वेळा ती थांबली, आणि दोन्ही वेळा तिने खांद्याने ओढलं. न फुटलेल्या काडतुसांच्या बदली तिने दुसरी भरली आणि दहा गोळ्या पुऱ्या केल्या. मग पिस्तूल रिकामं करून, बोल्ट उघडा ठेवून, ते टेबलावर आडवं केलं. मास्तरीणबाईंनी वाकून नळीत बघितलं, बोटाने आत चाचपलं आणि बोट फडक्याला पुसलं. कागदावर दोन गोळ्या पार काळ्या गोलाबाहेर गेल्या होत्या.

"नेम भिकार आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारपासून या."

बाहेर गाडीजवळ मुलगी तिच्या गळ्यात पडली. नवरा लांबच उभा होता. त्याने सवयीने पेटी घ्यायला हात पुढे केला, मध्येच थबकला आणि तो हात तसाच परत नेला. दुखणं आल्यापासून त्याचे दोन्ही हात तिच्याच कामाला लागलेले. आता त्यांचं काय करावं हे त्याला कळेना. इस्पितळात तो रडला नव्हता, तो आता रडू लागला. म्हणाला, मला भीती वाटायची गं, रोज वाटायची, म्हणून मी काही ना काही करत राहायचो. तिचा राग उतरला. हा माणूस महिनोन् महिने घाबरलेला होता आणि आपण त्याला एकदाही विचारलं नाही, याचं तिला फार वाईट वाटलं.

"मग आता मी करू तरी काय?" त्याने विचारलं. तो खरंच विचारत होता.

"शेजारी बसा," ती म्हणाली. "तेवढं मला एकटीला जमत नाही."