तिसरा फुसकारा

हिरोशिमातल्या आमच्या गॅरेजात 'इंजिन मेलं' असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगत नाहीत. 'जरा अवघड आहे' म्हणायचं आणि कमरेत वाकायचं. वाकणं जितकं खोल, तितकं इंजिन जास्त मेलेलं.

कुनिएदाआजींनी दिवंगत नवऱ्याची रोटरी इंजिनाची गाडी तपासायला आणली. इंजिनातला दाब चांगला निघाला तर ठेवायची, नाहीतर भंगारात.

मी प्लग काढून स्टार्टर फिरवला. आतला रोटर तिकोनी, म्हणून प्लगच्या भोकातून तीन फुसकारे सारख्या जोराचे यायला हवेत. आले ते असे: फुस्स, फुस्स आणि एक खंगलेला उसासा.

"आजी, जरा अवघड..." म्हणत मालक इवामित्सु इतके वाकले की डोकं बंपरला आपटलं.

"उठा हो, नमस्कार पुरे. पुन्हा फिरव रे."

फुस्स, फुस्स, हूं.

आजी ऐकत राहिल्या. "आमचे हे जिना असाच चढायचे. दोन पायऱ्या झटक्यात, तिसरीवर कण्हायचे. म्हणून काय मी त्यांना भंगारात दिलं?"

मी प्लग बसवले. गाडी कुरकुरत सुरू झाली. मालकांची कंबर मात्र धरली होती, ते सरळच होईनात. त्यांना तसंच वाकलेलं मागच्या सीटवर घालून आजींनी दवाखान्यात नेलं. चढावर गाडी दमली, तेव्हा आजींनी वेग कमी केला.