न सांगितलेली सुई

मित्रांनो, घोडेस्वारी शिकवणाऱ्या शाळेतला मी एक म्हातारा घोडा आहे. अंगाने तांबूस, स्वभावाने गरीब. माझ्या पाठीवरून कितीतरी मुलं पहिल्यांदा पडली आणि तिथेच सावरायलाही शिकली. एखादं मूल घाबरून रडू लागलं की आमच्या बाई म्हणायच्या, "याला आमच्या आजोबांवर बसवा." आजोबा म्हणजे मीच. हे ऐकलं की माझी मान आपोआप ताठ व्हायची.

एकदा मी पुढच्या डाव्या पायाने लंगडू लागलो. बाईंनी डॉक्टरांना बोलावलं. ते चांगले ताडमाड उंच होते. त्यांनी खुराच्या वरच्या सांध्यावरचे केस भादरले आणि आत बधिर करणाऱ्या औषधाची सुई टोचली. सांधा बधिर केल्यावर लंगडणं थांबलं तर दुखणं तिथलं, नाहीतर दुसरीकडचं. आमचं दुखणं असंच शोधतात म्हणे. मग मला फरशीवर दुडक्या चालीने पळवलं. मी लंगडतच राहिलो. "हा सांधा ठणठणीत आहे. बाकीचे दोन दिवसांनी बघू," असं म्हणून डॉक्टर गेले.

दुसऱ्या दिवशी तोच ठणठणीत सांधा सुजून गरम झाला. मी पार गोंधळलो. काल जो दुखत नव्हता, तो आज का ठणकतोय? हा पाय माझाच ना, अशी शंका येऊन मी तो हुंगूनही पाहिला. माझी देखभाल करणाऱ्या मोतद्दार काकांनी त्यावर मातीचा जाड लेप दिला. बाईंचा मात्र उंच डॉक्टरांवरचा विश्वासच उडाला. त्यांनी दुसरे, टोपीवाले डॉक्टर बोलावले आणि काकांना बजावलं, "कालचं एक अक्षर बोलायचं नाही हं. बघू या तरी, यांचं यांना काय कळतंय ते."

इथेच घोडं पेंड खातं, असं माणसं म्हणतात. पेंड मला मिळाली नाही, पण घोटाळा झाला तो इथेच.

टोपीवाल्यांनी लेपावरूनच सांधा दाबला. मी कळवळलो.

"काही लागलंबिगलं होतं का?"

"नाही हो," बाई म्हणाल्या. "एकाएकी सुजला."

"मग आत जंतू शिरलेले दिसतात. या वयात शस्त्रक्रिया झेपायची नाही. उगाच हाल करण्यापेक्षा कायमचं झोपवलेलं बरं."

झोपवायचं म्हणजे काय? मी तर उभ्या उभ्याच झोपतो. पण बाई माझ्या मानेत तोंड खुपसून रडू लागल्या. मला वाटलं, त्यांनाच कुठेतरी दुखतंय. मी त्यांची बाही चाटली.

डॉक्टर गाडीतून औषध आणायला गेले. काकांनी बादली आणली. "जायचंच आहे तर स्वच्छ पायांनी जाऊ दे," असं पुटपुटत त्यांनी लेप धुऊन काढला. डॉक्टर मोठी सुई घेऊन परतले आणि माझ्या पायाकडे बघून थबकले.

"इथले केस कुणी भादरले?"

काकांनी बाईंकडे पाहिलं. शेवटी बाईंनी खालमानेने कालच्या सुईचं सांगितलं.

"अहो, हे आधी नाही का सांगायचं? त्या औषधाने चांगला सांधाही कधी कधी असा चिडतो. बहुतेक वेळा आपोआप बरा होतो."

"मला वाटलं, तुम्ही स्वतःहून ओळखताय का ते बघावं..."

"जिवानिशी गेला असता ना तो!"

त्यांनी सांध्यातलं पाणी काढून तपासायला पाठवलं. जंतू निघाले नाहीत. थंड पाण्याच्या धारेने आणि विश्रांतीने सूज उतरली. मूळ दुखणं खुरात निघालं. ते पुन्हा बोलावलेल्या उंच डॉक्टरांनीच शोधलं. आता मी पुन्हा मुलांना फिरवतो.

मित्रांनो, आजारी जनावरासाठी डॉक्टर आले की त्यांना सगळं सांगा. त्यांची परीक्षा घेऊ नका. त्यात नापास झालं तर जीव आमचा जातो. बाईंचं माझ्यावर प्रेम आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण बोलता येत नाही ते मला, त्यांना तर येतं. त्या का गप्प राहिल्या, हे मला अजून कळलेलं नाही.